शंभरातले चार

गोदाला ज्या विद्यापीठात शिकायला जायचं होतं, त्याचं नाव घरात उच्चारायचं नाही असा किशोरराव विधात्यांनी नियमच केला होता. नाव घेतलं की काम फिसकटतं, हा त्यांचा स्वानुभव. एकदा बढतीची बातमी त्यांनी यादी लागण्याआधीच सासुरवाडीला कळवली होती. यादी लागल्यावर पुढची दिवाळी त्यांना पोट बिघडल्याचं कारण काढून घरीच काढावी लागली. तेव्हा अमेरिकेतल्या त्या जगप्रसिद्ध संस्थेला घरातले सगळे नुसतं ‘ते’ म्हणत. गोदाची आजी आजोबांना म्हणायची, अगदी तसंच. “त्यांचं काही आलं का गं?” असं मनीषाताईंनी लेकीला विचारलं की नवख्या पाहुण्याला वाटायचं, किशोरराव घर सोडून गेलेत की काय.

“त्यांच्याकडे शंभर जणांनी अर्ज केला तर चार जणांना घेतात,” ही माहिती गोदानंच एकदा जेवताना दिली. तिनं ती सहज दिली होती. किशोररावांचा घास मात्र तिथेच थांबला.

किशोरराव एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूमला होते. उभी नोकरी काट्यांकडे बघण्यात गेलेली. जगात जे काही आहे त्याला कुठेतरी एक काटा असणारच, आणि तो आपल्याला दिसत नसेल तर तो आपण बसवून घेतला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

“चार ही सरासरी झाली,” ते म्हणाले. “तुझे किती?”

“माझे वेगळे कसे असतील?”

“प्रत्येक युनिटचं वेगळं असतं.”

“बाबा, मी युनिट नाहीये.”

“उदाहरण दिलं,” किशोरराव म्हणाले, आणि त्यांनी ताट तसंच ठेवून कागद मागितला आणि तक्ता आखायला घेतला.

आता गोदाकडे नेमकं काय होतं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढे ज्यांनी ज्यांनी तिचे टक्के काढले त्यांतल्या बहुतेकांनी ते विचारलंच नाही. देवळालीला तोफांचा सराव सुरू झाला की जेलरोडपर्यंत खिडक्यांची तावदानं थरथरतात. नाशिकरोडच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. तो चहा ढवळत राहतो. गोदाला लहानपणापासून वाटायचं. तोफ तीच, अंतर तेच, मग काही सकाळी घर हादरतं आणि काही दुपारी कानालाही कळत नाही, असं का? दहावीनंतर तिनं मांडणीवर दोन स्टीलची फुलपात्रं काठाला काठ लावून ठेवली. आवाज आला की ती किणकिणायची. मग तशीच जोडी सोसायटीतल्या घरांत, मैत्रिणींकडे, सिन्नर फाट्यावर मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात. वाजली की लगेच मेसेज करायचा. थंडीच्या सकाळी जमिनीलगत गार हवा साचते, आवाज वर निसटण्याऐवजी वाकून खाली येतो, आणि कुणाची फुलपात्रं वाजली यावरून वरच्या हवेचा अंदाज बांधता येतो, असं तिनं त्यातून काढलं होतं. नेमक्या याच गोष्टीवर आयुष्य घालवलेल्या एक प्राध्यापक बाई ‘त्यांच्याकडे’ होत्या. गोदाला त्यांच्यापाशी शिकायचं होतं. एवढंच.

किशोररावांना यातलं किती कळलं होतं, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या शुभांगीवहिनींचा बंटी कॅनडात असल्यामुळे समुद्रापलीकडच्या सगळ्या बाबी सोसायटीत त्यांच्याकडे असत. “भावजी, हे घरी कागदावर होत नसतं,” त्या म्हणाल्या. “प्रोफाइल काढून घ्यावं लागतं. कॉलेज रोडला एक सर आहेत. बंटीचं त्यांनीच काढलं.”

“बंटी तर लग्न होऊन गेला ना तिकडे?”

“हो, पण प्रोफाइल आधी काढलं होतं.”

कॉलेज रोडचे साईसर इतके तरुण होते, की हाही प्रवेशासाठीच आलाय असं समजून किशोररावांनी त्याला बसायला जागा करून दिली. गैरसमज मिटल्यावर सरांनी लॅपटॉप उघडला.

“मार्क उत्तम. खेळ?”

“लहानपणी लंगडी चांगली खेळायची,” किशोरराव म्हणाले. गोदा खिडकीबाहेर बघायला लागली.

“वाद्य?”

गोदानं फुलपात्रांचं सांगायला सुरुवात केली. सरांनी मान डोलावत ऐकलं आणि वाद्याच्या रकान्यात ‘तालवाद्य’ लिहिलं.

“समाजकार्य? एखादी संस्था वगैरे काढली आहे का?”

“ती सतरा वर्षांची आहे,” किशोरराव म्हणाले.

“माझ्या एका विद्यार्थ्यानं चौदाव्या वर्षी काढली, सर. पंधराव्या वर्षी बंद केली. दोन्हींवर निबंध झाले.” सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. “घरात काही दुःख? एखादा आघात? हलाखी?”

“देवाच्या दयेनं तसं काही नाही.”

सरांचा चेहरा पडला. एखाद्या डॉक्टरनं रिपोर्ट बघून उसासा टाकावा तसा त्यांनी टाकला. “तिथेच आपली मुलं मागे पडतात, सर.”

बाप म्हणून आपण कुठेतरी कमी पडलो असं किशोररावांना त्या दिवशी प्रथमच वाटलं. इतकी वर्षं वेळेवर बिलं भरून, हेल्मेट घालून आणि पाणी उकळून पिऊन आपण पोरीचं भवितव्य असं घालवलं, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी मनीषाताईंना विचारलं, “आपल्या घरी आघात म्हणण्यासारखं काय काय झालंय?”

मनीषाताई लसूण सोलत होत्या. “माझं लग्न धरा,” त्या म्हणाल्या.

साईसरांचा आकडा होता सात. मेहनत घेतली तर सातचे दहा होतील, असं ते म्हणाले होते. ही गोष्ट घरातल्या घरात राहिली असती, पण किशोरराव जिना चढत असताना चिमाजीअण्णा भेटले. चिमाजीअण्णा सोसायटीचे सेक्रेटरी, प्रेसमधून निवृत्त झालेले. उभा जन्म छापण्यात गेल्यामुळे नुसत्या तोंडी गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नसे. खाली पार्किंगमध्ये त्यांनी एक पांढरा फळा लावला होता आणि त्यावर पाण्याच्या टँकरची वेळ ते स्वहस्ते लिहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरच्या खाली ओळ होती, ‘गोदा ७ टक्के’.

“अण्णा, हे पुसा,” किशोरराव म्हणाले.

“पुसतो की. नवीन आकडा आला की पुसतो.”

नवीन आकडे येत राहिले. गोदाला ताप आला तेव्हा ती पाचावर उतरली. शाळेतल्या जुन्या मुख्याध्यापकांनी शिफारसपत्राला होकार दिला तेव्हा आठावर गेली. शुभांगीवहिनींना बंटीनं फोनवर सांगितलं की यंदा तिकडे वातावरण कडक आहे, त्या दिवशी ती एकदम चारावर आली आणि सोसायटीत संध्याकाळपर्यंत कुणी मोठ्यानं टीव्ही लावला नाही. टँकरवाला पाइप लावताना विचारायचा, “आज पोरगी कितीवर हाय?” एका सकाळी तळमजल्याच्या सरुबाई नळ सोडून बघत म्हणाल्या, “पाण्याचा पत्ता नाय, पन गोदा वाढली म्हनायची.”

गोदा कॉलेजला जाताना फळ्यासमोर थांबायची. एकदा तिनं विचारलं, “अण्णा, हे तुम्ही कशावरून काढता?”

“एकंदरीत,” अण्णा म्हणाले.

आणि या सगळ्यात कुणी बाहेरचं भेटलं आणि “मुलगी कशी आहे हो अभ्यासात?” असं विचारलं, तर किशोररावांचं उत्तर एकच असे. “ठीक आहे.” फार आग्रह झाला तर, “बरी आहे. विशेष काही नाही.” आपल्या लेकराला आपण नावाजायचं नाही, दृष्ट लागते. बाहेरच्यांनी नावाजलं तर लगेच मध्ये एखादा दोष घालायचा, म्हणजे हिशेब सारखा होतो. “हुशार आहे, पण धांदरट फार.” किशोररावांचे वडील त्यांच्याबद्दल असंच बोलायचे, आणि किशोररावांना त्यात काही कमी वाटलं नव्हतं. म्हणजे, वाटलं असेल तर त्यांनी ते लक्षात ठेवलं नव्हतं.

भिमाजीसरांच्या बाबतीत मात्र हा रिवाज त्यांच्या अंगावर आला. भिमाजीसर गोदाचे फिजिक्सचे शिक्षक. ‘त्यांच्या’ फॉर्ममध्ये सरांनी तिच्याबद्दल खूण करायची होती. एका टोकाला ‘सरासरी’, मग ‘चांगली’, मग ‘उत्तम’, आणि दुसऱ्या टोकाला ‘माझ्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्यांपैकी’. सर ‘चांगली’वर थांबणार अशी कुणकुण लागल्यावर किशोरराव पेढे न घेता त्यांच्या घरी गेले. पेढे घेऊन गेले असते तर काम झालंय असं दिसलं असतं.

“सर, गोदा कशी आहे?”

“बरी आहे,” भिमाजीसर म्हणाले.

“म्हणजे उत्तम म्हणता येईल?”

“किशोरराव, अख्ख्या नोकरीत मी कुणाला उत्तम म्हटलेलं नाही. एकाला म्हटलं होतं. तो दुसऱ्याच दिवशी सायकलवरून पडला.”

“पण तिकडच्या लोकांना हे कसं कळणार? ते ‘चांगली’ म्हणजे चांगलीच समजतील.”

“तुम्ही घरी काय म्हणता तिला?”

किशोरराव जरा चुळबुळले. “ठीक आहे म्हणतो.”

“मग मी तर एक पायरी वरच आहे,” सर म्हणाले. पण किशोरराव चपला घालत असताना ते दारापर्यंत आले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, “बघतो.”

जानेवारीत मुलाखत ठरली. ‘त्यांच्याकडे’ शिकून आलेलं एखादं माणूस ज्या त्या गावात अर्जदाराला भेटतं आणि आपलं मत कळवतं, अशी ती पद्धत. गोदाच्या वाट्याला आली मंजुषा, देवळाली कॅम्पात वाढलेली, सुट्टीवर आईवडिलांकडे आलेली. कॅम्पातल्या एका बेकरीत सकाळी भेटायचं ठरलं.

“तुम्ही आत यायचं नाही,” गोदानं स्कूटरवर मागून बजावलं.

“मला काय करायचंय आत येऊन? मी चाकांत हवा भरतो.”

हवा भरून झाल्यावर किशोरराव शेजारच्या टेबलावर वर्तमानपत्राआड बसले. समोर खारी ठेवली होती, पण ती मोडली तर आवाज होईल म्हणून ते तिला हात लावत नव्हते. गोदानं त्यांना बुटांवरून ओळखलं आणि कपाळावर हात मारायचा विचार सोडून दिला. मुलाखत इंग्रजीत चालली होती. गोदा आधी अडखळत होती, साईसरांनी पाठ करून घेतलेलं वाक्य तिच्या तोंडून पाठ केल्यासारखंच येत होतं, आणि पेपराआड किशोररावांच्या मनातला काटा भराभर खाली येत होता. सहा. पाच.

तेवढ्यात बेकरीच्या काउंटरवरचे चहाचे ग्लास एकमेकांना लागून किणकिणले.

गोदा अर्ध्या शब्दावर थांबली. मान तिरकी करून गप्प झाली. किशोररावांना वाटलं, संपलं. पण मंजुषाही गप्प होती. तिचेही ओठ हलत होते. ती मोजत होती. जमिनीतून आधी पोचलेल्या हादऱ्यामागून मग खिडकीतून तोफेचा आवाज आला, आणि दोघी एकदमच म्हणाल्या, “आज वारा फिरलाय.”

त्यानंतर इंग्रजी कुठे गेलं कळलं नाही. मंजुषा लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या खिडकी थरथरण्यापासून आवाजापर्यंत अंक मोजायची, आणि असं करणारं जगात दुसरं कुणी असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. गोदानं फुलपात्रांची सगळी हकिकत सांगितली. टिश्यूपेपरवर गार हवेचा थर काढून दाखवला. पेपराआड काटा कुठल्या कुठे गेला होता.

उठताना मंजुषानं मागे वळून पाहिलं. “तुम्ही गोदाचे बाबा ना? मला असंच कुतूहल म्हणून विचारायचंय. घरी कशी आहे ती? तुम्हाला काय वाटतं तिच्याबद्दल?”

किशोरराव उभे राहिले. पेपरची घडी घातली. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं जीभ आपोआप हलली.

“ठीक आहे. बरी आहे. विशेष असं काही नाही.”

मंजुषा हसली, तिलाही ही भाषा येत होती. पण गोदा हसली नाही.

परतताना ती स्कूटरवर बसली होती, पण नेहमीसारखी खांद्याला धरून नाही, मागचा दांडा धरून. घरी आल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं आणि मग बाबांसमोर उभी राहिली. आवाज अजिबात चढवला नाही, हे किशोररावांना जास्त लागलं.

“साईसर म्हणाले सात. अण्णांचे रोजचे वेगळे. टँकरवाला पण विचारतो. सगळ्यांनी सांगितलं, बाबा. तुम्हाला काय वाटतं ते मला माहीतच नाही.”

किशोररावांनी घसा साफ केला. “मी तक्ता केलाय ना,” ते म्हणाले.

मनीषाताईंनी हातातला झारा कढईत इतक्या जोरात ठेवला, की मांडणीवरची फुलपात्रं वाजली.

निकाल मार्चअखेर एका सकाळी आला, दूध तापत असताना. होही नाही, नाहीही नाही. प्रतीक्षा यादी. दूध उतू गेलं ते कुणी पुसलं नाही. खाली ही बातमी पोचल्यावर मात्र चिमाजीअण्णांचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत प्रथमच त्यांना कळणारी गोष्ट घडली होती.

“वेटिंग म्हणा ना सरळ. कन्फर्म होतंय. वेटिंग किती?”

“नंबर देत नाहीत,” किशोरराव म्हणाले.

“नंबरच नाही?” अण्णा म्हणाले. “मग माणसानं आशा धरायची किती, हे कळणार कसं?” फडकं हातात घेऊन ते बराच वेळ फळ्यासमोर उभे राहिले आणि शेवटी आकड्याच्या जागी त्यांनी नुसतं ‘वेटिंग’ लिहिलं.

त्या आठवड्यात मंजुषाचा फोन आला. ती पुन्हा कॅम्पात आली होती, आणि परत जाण्याआधी तिला फुलपात्रं बघायची होती. ती आली तेव्हा निम्मी सोसायटी विधात्यांच्या हॉलमध्ये होती. शुभांगीवहिनींनी आपल्या घरची जोडीही घासून आणली होती. सगळे कान टवकारून बसले. तोफा अर्थातच त्या दिवशी बंद होत्या. शेवटी सरुबाईंनी बोटानं टिचकी मारून एक फुलपात्र वाजवून दाखवलं. “असंच वाजतं, ताई. फकस्त आपून मारायची नाय, सरकारनं मारायची.”

हशा पिकला. तो ओसरल्यावर किशोरराव उभे राहिले. भाषण करायला उठावं तसे, एका हातानं खुर्चीची पाठ धरून.

“मॅडम, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं.”

मंजुषा अवघडली. “काका, माझं मत मी त्याच दिवशी कळवलंय. आता त्यात काही घालता येणार नाही.”

“ते मला ठाऊक आहे. टक्क्यांसाठी नाही सांगत.” त्यांनी गोदाकडे बघायचा प्रयत्न केला, पण ते जमेना, तेव्हा त्यांनी मांडणीकडे बघितलं. “कंट्रोल रूममध्ये काटे मी बघतो, पण काटे कुणीतरी बसवलेले असतात. हिनं स्वतःच बसवले. घरातल्या भांड्यांचे. मला त्यातलं अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं मी इंटरनेटवर वाचतो, तरी कळत नाही. ही हुशार आहे. आमच्या घरात एवढं हुशार कुणी झालेलं नाही. बास.”

ते बसले. अण्णांनी चष्मा काढून पुसला. मनीषाताई मुकाट्यानं आत गेल्या, मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या, आणि भर पाहुण्यांत त्यांनी आधी लेकीवरून आणि मग, जरा थांबून, नवऱ्यावरूनही उतरवून टाकल्या. आत गॅसवर त्या अशा काही तडतडल्या की शुभांगीवहिनी म्हणाल्या, “बघा, किती साचली होती.”

जूनमध्ये ‘त्यांचं’ शेवटचं उत्तर आलं. जागा उरली नव्हती. गोदा दिवसभर खोलीत होती आणि संध्याकाळी बाहेर येऊन तिनं पोटभर पिठलं खाल्लं. फळ्यावर शून्य लिहायला अण्णांचा हात उठेना. त्यांनी नुसती टँकरची वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी भिमाजीसर आले. चहा अर्धा पिऊन झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

“माझ्यामुळे झालं,” ते म्हणाले. “मी शेवटच्या रकान्यात खूण केली होती. मोजक्यांपैकी. तेव्हाच मनाला चुटपुट लागली होती.”

“एकट्या तुमच्यामुळे नाही, सर,” किशोरराव खालच्या आवाजात म्हणाले. “माझंही बोलणं झालंय. चारचौघांत.”

दोघं अपराध्यांसारखे बसून राहिले. गोदा दारात उभी होती. ती आधी सरांकडे बघत राहिली, मग बाबांकडे, आणि मग ओढणी तोंडावर धरून हसायला लागली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. ते कशाचं, हे विचारायच्या फंदात कुणी पडलं नाही.

बंगळुरातल्या एका विज्ञानसंस्थेची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी बॅग भरताना तिनं विचारलं, “बाबा, इथे किती?”

किशोररावांनी जिन्यात डोकावून पाहिलं. अण्णा नव्हते. त्यांनी दार लावलं, कडी घातली, खिडकीही ओढून घेतली.

“शंभर,” ते म्हणाले. मग त्यांना राहवेना. “बाहेर कुणी विचारलं तर मात्र ठीक आहे म्हणायचं.”

मांडणीवरची फुलपात्रं किणकिणली. मनीषाताईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं, पण गोदानं वेळ लिहून घेतली नाही. ती बाबांकडे बघत होती.

“ठीक आहे,” ती म्हणाली.